'बास्केट केस' : रणांगणावरील अफवेतून आलेला एक वाक्प्रचार

इंग्रजी संभाषणात, वृत्तपत्रांच्या स्तंभांत आणि चित्रपटांच्या संवादांत 'बास्केट केस' हा वाक्प्रचार वारंवार कानी पडतो. परीक्षेच्या आदल्या रात्री घाबरून गेलेली विद्यार्थिनी, घरातील आजारपण आणि नोकरी यांच्या कात्रीत सापडलेला गृहस्थ किंवा जवळच्या व्यक्तीच्या वियोगाने भान हरपलेली स्त्री, अशी कोणतीही व्यक्ती आपल्या मनःस्थितीचे वर्णन करताना 'त्या दिवसांत मी अगदी बास्केट केस झाले होते' असे म्हणून जाते. भावनांचा भार असह्य झाल्यामुळे रोजचे साधे व्यवहारही करता येऊ नयेत, अशा अवस्थेसाठी हा शब्दप्रयोग रूढ आहे.

शब्दशः पाहिले तर 'बास्केट' म्हणजे टोपली आणि 'केस' म्हणजे रुग्ण किंवा प्रकरण. टोपलीचा आणि मनाच्या कोलमडण्याचा संबंध काय, असा प्रश्न इंग्रजी शिकणाऱ्याला पडणे स्वाभाविक आहे. या प्रश्नाचे उत्तर पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत पसरलेल्या एका भीषण अफवेत सापडते. पुढे याच वाक्प्रचाराने भारतीय उपखंडाच्या इतिहासातही प्रवेश केला आणि एका नव्या राष्ट्राच्या कपाळावर तो अनेक वर्षे चिकटून राहिला. म्हणूनच त्याचा अर्थ आणि उगम समजून घेणे उद्बोधक ठरते.

आजचा अर्थ

आधुनिक इंग्रजीत 'बास्केट केस' या शब्दांना दोन प्रमुख अर्थ आहेत. पहिला अर्थ व्यक्तीशी निगडित आहे. चिंता, दुःख, भीती किंवा ताण यांमुळे जी व्यक्ती स्वतःला सावरू शकत नाही, तिला उद्देशून हे शब्द वापरले जातात. बहुतेक वेळा बोलणारा स्वतःविषयीच, काहीशा थट्टेच्या सुरात हे म्हणतो. मात्र दुसऱ्याविषयी वापरल्यास त्यात हेटाळणीची छटा येते. 'तो बास्केट केस आहे' या वाक्यातून त्या माणसाकडून आता कशाची अपेक्षा ठेवू नये, असे सूचित होते.

दुसरा अर्थ संस्था, उद्योग किंवा देश यांच्याशी संबंधित आहे. जी अर्थव्यवस्था स्वतःच्या बळावर उभी राहू शकत नाही आणि सतत इतरांच्या मदतीवर अवलंबून असते, तिला अर्थविषयक लेखनात 'इकॉनॉमिक बास्केट केस' असे संबोधले जाते. दोन्ही अर्थांच्या मुळाशी एकच कल्पना आहे, ती म्हणजे संपूर्ण परावलंबन. ही कल्पना कोठून आली, हे पाहण्यासाठी १९१९ सालाकडे वळावे लागते.

पहिली नोंद, तीही नकाराची

पहिले महायुद्ध नोव्हेंबर १९१८ मध्ये थांबले. युरोपातील रणांगणांवरून जखमी अमेरिकी सैनिक मायदेशी परतू लागले. त्याच सुमारास अमेरिकेतील शहरांत एक कुजबुज सुरू झाली. दोन्ही हात आणि दोन्ही पाय गमावलेले अनेक सैनिक लष्करी रुग्णालयांत लपवून ठेवण्यात आले आहेत, त्यांना स्ट्रेचरवरून नेता येत नसल्याने वेताच्या टोपल्यांत घालून नेले जाते आणि सरकार ही गोष्ट जनतेपासून दडवत आहे, अशी ती वदंता होती. अशा सैनिकांना लोक 'बास्केट केस' म्हणू लागले होते.

ही वदंता एवढी पसरली की तिची दखल सरकारला घ्यावी लागली. मार्च १९१९ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक माहिती समितीच्या अधिकृत पत्रकात लष्कराचे सर्जन जनरल मेरिट आयर्लंड यांच्या हवाल्याने एक खुलासा प्रसिद्ध झाला. आपल्या रुग्णालयांत असे रुग्ण असल्याच्या कथांना कोणताही आधार नाही, असे त्यात स्पष्ट करण्यात आले होते. वाचकांना शब्द कळावा म्हणून त्याचा अर्थही तेथेच सांगण्यात आला. दोन्ही हात व दोन्ही पाय गमावल्यामुळे ज्याला स्ट्रेचरवरून नेता येत नाही असा सैनिक, हा तो अर्थ होय.

या वाक्प्रचाराचा अगदी सुरुवातीचा छापील पुरावा म्हणून भाषेचे अभ्यासक याच खुलाशाकडे बोट दाखवतात. ज्या गोष्टीचे अस्तित्वच नाही असे सरकार सांगत होते, तिचे नाव मात्र त्या सरकारी कागदामुळेच कायमचे नोंदले गेले. खुलासा विस्मरणात गेला, पण शब्द टिकला.

अफवेवर विश्वास का बसला

ही अफवा लोकांना खरी का वाटली, याची कारणे त्या युद्धाच्या स्वरूपात आहेत. तोफगोळे, मशीनगन आणि खंदकांतील लढाई यांमुळे हातापायांना होणाऱ्या जखमांचे प्रमाण प्रचंड होते. फ्रान्स आणि बेल्जियममधील शेतजमिनी पिढ्यान्पिढ्या शेणखत घालून कसलेल्या होत्या. त्या मातीतील जंतू उघड्या जखमेत शिरले की काही तासांतच मांस कुजू लागे. पेनिसिलिनचा शोध अद्याप लागायचा होता, तो १९२८ मध्ये लागला. अशा परिस्थितीत सैनिकाचा जीव वाचवण्यासाठी हात किंवा पाय कापून टाकणे, हाच अनेकदा शल्यचिकित्सकांपुढे उपाय उरत असे. एकट्या ब्रिटनमध्ये सुमारे ४१,००० सैनिकांनी किमान एक अवयव गमावला होता.

त्याच वेळी वैद्यकशास्त्रही पुढे जात होते. मोडलेल्या मांडीला आधार देणारी थॉमस पट्टी, जखम जंतुनाशक द्रावणाने सतत धुण्याची पद्धत आणि रक्त देण्याची सोय यांमुळे पूर्वीच्या युद्धांत जे दगावले असते, असे सैनिक आता जिवंत राहू लागले. त्यामुळे घरोघरी वाट पाहणाऱ्या नातेवाइकांच्या मनात दोन गोष्टी एकाच वेळी नांदत होत्या. मुलगा परत येईल ही आशा होती आणि तो कोणत्या अवस्थेत परत येईल ही धास्ती होती. युद्धकाळात पत्रांवर व बातम्यांवर कडक नियंत्रण होते. सरकार सर्व काही सांगत नाही, हे लोकांना ठाऊक होते. जेथे माहिती मिळत नाही तेथे कल्पना धावू लागते आणि त्या कल्पनेला 'टोपलीतील सैनिक' हे रूप मिळाले.

कॅनडाचा कर्ली ख्रिश्चन

अमेरिकी अधिकाऱ्यांनी आपल्या सैन्यापुरता असा एकही रुग्ण नसल्याचे सांगितले. परंतु दोस्त राष्ट्रांच्या सैन्यात चारही अवयव गमावूनही जगलेला एक सैनिक खरोखर होता. त्याचे नाव एथेलबर्ट ख्रिश्चन. 'कर्ली' या टोपणनावाने ओळखला जाणारा हा कृष्णवर्णीय तरुण कॅनडाच्या सैन्यात दाखल झाला होता. एप्रिल १९१७ मध्ये फ्रान्समधील विमी रिजच्या लढाईत तोफगोळ्याच्या स्फोटाने तो ढिगाऱ्याखाली गाडला गेला. मदत पोहोचेपर्यंत सुमारे दोन दिवस उलटले होते. चारही अवयव सडू लागल्याने ते कापावे लागले. पहिल्या महायुद्धात चारही अवयव गमावून जिवंत राहिलेला तो कॅनडाचा एकमेव सैनिक मानला जातो.

यानंतरची त्याची जीवनकहाणी मात्र 'बास्केट केस' या शब्दांत मावणारी नाही. टोरांटोच्या रुग्णालयात सेवा करणाऱ्या क्लिओपात्रा मॅक्फर्सन हिच्याशी त्याचा विवाह झाला. दोघांना मुलगा झाला. कृत्रिम अवयवांच्या साहाय्याने तो लिहू लागला आणि अनेक व्यवहार स्वतः करू लागला. इतक्या गंभीर अपंगत्वाच्या सैनिकाची घरी अहोरात्र शुश्रूषा करणाऱ्या जोडीदारासाठी वेगळी आर्थिक तरतूद हवी, हा विचार त्याच्या उदाहरणामुळे पुढे आला आणि कॅनडाच्या सरकारने त्यासाठी शुश्रूषा भत्ता सुरू केला. १९३६ मध्ये विमी येथील युद्धस्मारकाच्या अनावरणाला तो उपस्थित होता आणि राजे आठवे एडवर्ड यांनी तेथे त्याच्याशी संवाद साधला. १९५४ मध्ये त्याचे निधन झाले. वदंतेतील सैनिक टोपलीत निपचित पडलेला होता. प्रत्यक्षातील सैनिक मात्र संसार करत होता आणि आपल्यासारख्यांच्या हक्कांसाठी बोलत होता.

दुसरे महायुद्ध आणि दुसरा खुलासा

पंचवीस वर्षांनी जग पुन्हा युद्धात होते आणि ती जुनी वदंताही पुन्हा जिवंत झाली. १९४४ मध्ये अमेरिकी लष्कराचे तत्कालीन सर्जन जनरल नॉर्मन कर्क यांना आपल्या पूर्वसुरींप्रमाणेच खुलासा करावा लागला. चारही अवयव कापलेल्या सैनिकांविषयीच्या अफवांत तथ्य नाही, असे त्यांचे म्हणणे सैनिकांसाठी निघणाऱ्या 'यँक' या नियतकालिकात मे महिन्यात छापून आले. कर्क हे स्वतः अस्थिशल्यचिकित्सक होते आणि अवयवविच्छेदन हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. एकाच शब्दाचे अस्तित्व दोन महायुद्धांत दोन वेळा अधिकृतपणे नाकारले जावे, असे उदाहरण भाषेच्या इतिहासात विरळाच म्हणावे लागेल.

या दोन्ही युद्धांत भारतीय सैनिकही मोठ्या संख्येने लढले होते. पहिल्या महायुद्धात अविभाजित भारतातील १३ लाखांहून अधिक जणांनी सेवा बजावली आणि सुमारे ७४,००० जणांनी प्राण गमावले. जायबंदी होऊन परतलेल्यांना हाताला काम मिळावे, या हेतूने १९१७ मध्ये एक तांत्रिक शाळा सुरू करण्यात आली. 'क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट' या नावाने ती पुण्याजवळ खडकी येथे उभी आहे. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मध्ये, म्हणजे कर्क यांचा खुलासा प्रसिद्ध झाला त्याच वर्षी स्थापन झाले. जखमी सैनिकाला लपवण्याच्या कथा एकीकडे रंगत असताना, त्याला पुन्हा उभे करण्याचे कार्य दुसरीकडे संथपणे सुरू होते.

शरीराकडून मनाकडे

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत या वाक्प्रचाराचा मूळ संदर्भ पुसट होत गेला. टोपली विसरली गेली, सैनिकही विसरला गेला. 'स्वतःहून काहीही करू न शकणारा' एवढाच आशय उरला. मग शरीर धडधाकट असूनही मनाने खचलेल्या माणसाला हे शब्द लागू होऊ लागले. शब्दाचा अर्थ अशा रीतीने विस्तारणे, ही भाषेतील नेहमीची प्रक्रिया आहे. शरीराच्या दुर्बलतेचे वर्णन करणारे शब्द मनाच्या दुर्बलतेसाठी योजले जाणे जगातील बहुतेक भाषांत आढळते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकप्रिय संस्कृतीने हा नवा अर्थ घरोघरी पोहोचवला. १९९४ मध्ये 'ग्रीन डे' या अमेरिकी रॉक वाद्यवृंदाचे याच नावाचे गीत गाजले. त्याचे गीतकार व गायक बिली जो आर्मस्ट्राँग यांनी स्वतःला होणाऱ्या तीव्र घबराटीच्या झटक्यांच्या अनुभवातून ते लिहिले होते. त्या गीताच्या असंख्य तरुण श्रोत्यांना 'बास्केट केस' म्हणजे मनाचा तोल गेलेला माणूस, एवढेच माहीत होते.

मूळ संदर्भ हरवला की लोक नवी व्युत्पत्ती रचतात. या बाबतीतही तसे घडले. पूर्वी मनोरुग्णालयांत रुग्णांना मन रमावे म्हणून टोपल्या विणायला देत असत आणि त्यावरून हा वाक्प्रचार आला, असे स्पष्टीकरण अनेक जण देतात. रुग्णालयांत असे विणकाम शिकवले जात असे, हे खरे आहे. तथापि वाक्प्रचाराच्या सुरुवातीच्या सर्व नोंदी जखमी सैनिकांशी संबंधित आहेत आणि मनोवस्थेचा अर्थ त्यानंतर बराच उशिरा दिसू लागतो. त्यामुळे ही व्युत्पत्ती ग्राह्य धरता येत नाही.

याच युद्धातून इंग्रजीला मिळालेल्या आणखी एका शब्दाचा प्रवास नेमका उलट दिशेने झाला. खंदकांतून परतलेल्या काही सैनिकांच्या अंगावर जखम नसे, पण त्यांचे शरीर थरथरत राही, वाचा बसे, झोप उडे. ब्रिटिश वैद्यक चार्ल्स मायर्स यांनी फेब्रुवारी १९१५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अशा रुग्णांचे वर्णन करताना 'शेल शॉक' हा शब्द वापरला. तोफगोळ्याच्या हादऱ्याने मेंदूला इजा होत असावी, अशी तेव्हाची समजूत होती. पुढे तोफगोळ्यांच्या जवळपासही न गेलेल्या सैनिकांत हीच लक्षणे दिसली आणि ही इजा मनाची आहे, हे हळूहळू उमगले. १९८० मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आघातोत्तर तणाव विकाराला आपल्या अधिकृत सूचीत स्थान दिले. 'शेल शॉक' हा शब्द शरीराच्या इजेसाठी योजला गेला आणि मनाच्या जखमेचे नाव ठरला. 'बास्केट केस' हा शब्द शरीराच्या हानीविषयी होता आणि मनाच्या दुर्बलतेविषयी, तेही काहीशा उपहासाने, बोलू लागला. पहिल्या शब्दामुळे सहानुभूती वाढली, दुसऱ्यामुळे ती कमी झाली.

६ डिसेंबर १९७१ ची बैठक

उपखंडाच्या इतिहासात या वाक्प्रचाराचे स्थान निश्चित झाले ते १९७१ मध्ये. त्या वर्षी पूर्व पाकिस्तानातील दडपशाहीमुळे सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते. तत्पूर्वी नोव्हेंबर १९७० मध्ये आलेल्या चक्रीवादळाने त्या प्रदेशात लाखो बळी घेतले होते. डिसेंबरच्या प्रारंभी भारत-पाकिस्तान युद्ध सुरू झाले आणि ६ डिसेंबर १९७१ रोजी भारताने बांगलादेशाला मान्यता दिली.

त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेच्या विशेष कृती गटाची बैठक झाली. राष्ट्राध्यक्षांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर अध्यक्षस्थानी होते. नव्या देशात येत्या काही महिन्यांत अन्नटंचाई उद्भवेल आणि मदतीची निकड भासेल, असा चर्चेचा विषय होता. तेव्हा परराष्ट्र खात्यातील वरिष्ठ अधिकारी यू. ॲलेक्सिस जॉन्सन यांनी हा देश आंतरराष्ट्रीय 'बास्केट केस' ठरेल, असे मत मांडले. त्यावर तो आपलाच 'बास्केट केस' असेल असे मात्र नाही, या आशयाचे उत्तर किसिंजर यांनी दिले.

ही बैठक गोपनीय होती. मात्र तिचे इतिवृत्त स्तंभलेखक जॅक अँडरसन यांच्या हाती लागले आणि अल्पावधीतच ते प्रकाशात आले. या वृत्तांकनासाठी अँडरसन यांना १९७२ चा पुलित्झर पुरस्कार मिळाला. अमेरिकी सरकारने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राजनैतिक दस्तऐवजांच्या खंडातही हे इतिवृत्त समाविष्ट आहे. बांगलादेशाला किसिंजर यांनी 'बास्केट केस' म्हटले, असे आजही सर्रास लिहिले जाते. वास्तविक तो शब्द प्रथम जॉन्सन यांनी उच्चारला होता. किसिंजर यांनी तो नाकारला नाही, केवळ जबाबदारी झटकली. परंतु अधिक प्रसिद्ध व्यक्तीच्या नावावर वचन जमा होण्याची रीत सर्वत्र आहे.

भाषांतराने बदललेली टोपली

या शब्दांचे बंगालीत जे रूपांतर झाले, ते भाषांतराच्या अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगे आहे. बांगलादेशात हा शेरा 'तलाविहीन झुडी', म्हणजे 'बूड नसलेली टोपली' या शब्दांत प्रसिद्ध झाला. मूळ इंग्रजीत टोपली ही असहाय सैनिकाला वाहून नेण्याचे साधन होती. बंगालीत देश स्वतःच टोपली झाला, तीही अशी की तीत कितीही ओतले तरी काही शिल्लक राहू नये. मूळ शब्दांत परावलंबन होते. भाषांतरात त्याला गळती आणि उधळपट्टी यांचा अर्थ चिकटला. हे रूपांतर शब्दकोशाच्या कसोटीला उतरत नाही, पण ते इतके रुजले की बांगलादेशातील राजकीय भाषणांत आणि अग्रलेखांत तेच प्रमाण मानले जाऊ लागले.

या विशेषणाचा परिणाम केवळ भावनिक नव्हता. एखादा देश कधीच उभा राहणार नाही असे एकदा ठरले, की त्याला मदत करणे म्हणजे पाण्यात पैसा घालणे, असा युक्तिवाद सोपा होतो. १९७४ मध्ये बांगलादेशात भीषण दुष्काळ पडला. त्या वर्षी क्युबाला ताग विकल्याच्या कारणावरून अमेरिकेने अन्नमदत रोखून धरली होती. दोन वर्षांनी, १९७६ मध्ये, युस्ट फालंड आणि जे. आर. पार्किन्सन या अर्थतज्ज्ञांनी बांगलादेश ही विकासाची कसोटी आहे, असे सांगणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. येथे विकास साधला तर तो कोठेही साधेल, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता.

पुढील पाच दशकांत ते विशेषण बऱ्याच अंशी खोटे ठरले. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कोलकात्याचे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या द्रावणाने पटकीच्या रुग्णांचे प्राण वाचवले होते. तोच उपाय पुढे 'ब्रॅक' या स्वयंसेवी संस्थेच्या कार्यकर्त्यांनी बांगलादेशातील खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन मातांना शिकवला. सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी दर स्त्रीमागे सुमारे सात असलेले अपत्यांचे प्रमाण घटत घटत सुमारे दोनवर आले. सरासरी आयुर्मान सत्तर वर्षांच्या पुढे गेले. ग्रामीण बँक आणि तिचे संस्थापक मुहम्मद युनूस यांना २००६ चा नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. तयार कपड्यांच्या निर्यातीत हा देश जगातील आघाडीच्या देशांत गणला जाऊ लागला. २०१५ मध्ये जागतिक बँकेने त्याचा समावेश निम्न-मध्यम उत्पन्न गटात केला. दारिद्र्य, राजकीय अस्थैर्य आणि पूर यांचे प्रश्न संपले असे कोणी म्हणणार नाही. पण बैठकीच्या टेबलावर एका वाक्यात निकालात काढण्याजोगा तो देश नव्हता, हे काळाने दाखवून दिले.

मराठीत काय म्हणावे

या वाक्प्रचाराचे मराठी रूपांतर करताना 'टोपलीतील प्रकरण' असे शब्दशः भाषांतर अर्थातच हास्यास्पद ठरेल. संदर्भ पाहूनच शब्द निवडावा लागतो. व्यक्तीच्या भावनिक अवस्थेसाठी मराठीत समर्पक शब्दांची वाण नाही. 'पार कोलमडून जाणे', 'अवसान गळणे', 'धीर खचणे' हे वाक्प्रचार नित्याच्या वापरातले आहेत. भीतीची छटा असेल तर 'गर्भगळीत होणे' योग्य ठरते.

विशेष म्हणजे मराठीतही मनाच्या अवस्थेसाठी हातापायांचाच आधार घेतला जातो. वाईट बातमी ऐकून माणसाचे 'हातपाय गळतात'. अधिक प्रौढ भाषेत तो 'गलितगात्र' होतो. गात्र म्हणजे अवयव आणि गलित म्हणजे गळून पडलेले. इंग्रजी वाक्प्रचाराच्या मुळाशी असलेले अवयव गमावलेल्या देहाचे चित्र या संस्कृत शब्दात वेगळ्या वाटेने आलेले दिसते. हिंदीत घाबरलेल्या माणसाचे 'हाथ-पाँव फूल जाते हैं'. मन हरले की प्रथम हातपायच साथ सोडतात, हा अनुभव कोणत्याही एका भाषेच्या मालकीचा नाही.

तरीही एक महत्त्वाचा फरक आहे. 'हातपाय गळणे' हे तात्पुरते असते. गळालेले हातपाय पुन्हा सावरतात, असे गृहीत धरूनच मराठी माणूस हे शब्द वापरतो. 'बास्केट केस' मध्ये मात्र परतीची वाट नाही. तो माणसावर मारलेला शिक्का आहे. म्हणून बातमीत एखाद्या अभिनेत्रीने स्वतःविषयी हे शब्द वापरले असतील, तर 'माझे हातपायच गळाले होते' हे भाषांतर पुरेसे आणि नैसर्गिक वाटते. अर्थव्यवस्थेविषयी असेल तर 'डबघाईला आलेली' किंवा 'मोडकळीस आलेली' हे शब्द चालतात.

अशा वेळी 'पांगळी अर्थव्यवस्था' हा पर्यायही अनेकांच्या लेखणीतून सहज उतरतो. येथे थोडे थांबण्याची गरज आहे. 'लंगडी सबब', 'आंधळा कारभार', 'पांगळे धोरण' असे शब्दप्रयोग मराठीत रुळलेले आहेत आणि त्यांतही व्यक्तीचे अपंगत्व दोषाच्या जागी वापरले जाते. इंग्रजी वाक्प्रचाराला नावे ठेवताना स्वतःच्या भाषेकडेही पाहणे उचित ठरेल. भारतात २०१६ मध्ये दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा आणि २०१७ मध्ये मानसिक आरोग्यसेवेचा कायदा संमत झाला. दोन्ही कायद्यांनी व्यक्तीच्या प्रतिष्ठेला महत्त्व दिले आहे. कायदा शब्दांवर बंदी घालत नाही, पण शब्द निवडणाऱ्यावरील जबाबदारी मात्र वाढवतो.

वापरताना घ्यावयाची काळजी

इंग्रजी बोलताना वा लिहिताना हा वाक्प्रचार स्वतःविषयी, मित्रमंडळींत, हलक्या सुरात वापरण्यास हरकत घेतली जात नाही. औपचारिक पत्रव्यवहारात, कार्यालयीन अहवालात किंवा दुसऱ्या व्यक्तीच्या मानसिक प्रकृतीविषयी लिहिताना तो टाळणे इष्ट होय. ज्याच्या घरी खरोखर कोणी अवयव गमावलेला किंवा मनोविकाराशी झुंजणारा आहे, त्याला हे शब्द बोचू शकतात. आजच्या युद्धांत वैद्यकीय मदत इतक्या त्वरेने पोहोचते, की एकेकाळी वदंता वाटणारी गोष्ट आता वास्तव झाली आहे. २००९ मध्ये इराकमध्ये चारही अवयव गमावलेला अमेरिकी सैनिक ब्रेंडन मॅरोको वाचला आणि डिसेंबर २०१२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्याच्यावर दोन्ही हातांच्या प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया झाली.

जी माणसे अस्तित्वातच नाहीत असे दोन सर्जन जनरलांनी सांगितले, त्यांच्यासाठी घडवलेला शब्द एक शतकाहून अधिक काळ टिकून आहे. त्या शब्दाने प्रथम सैनिकाला, नंतर खचलेल्या माणसाला आणि पुढे एका देशाला परावलंबी ठरवले. कर्ली ख्रिश्चनने आणि बांगलादेशाने तो निकाल आपापल्या परीने फिरवला. मनाने खचलेल्या माणसालाही तीच संधी मिळायला हवी. त्यामुळे 'बास्केट केस' चा अर्थ ठाऊक असणे आवश्यक असले, तरी समोर हातपाय गळून बसलेली व्यक्ती असेल तेव्हा तिला उद्देशून तो शब्द न वापरणेच श्रेयस्कर ठरेल.